माझी स्तुती लागते

मी ज्या ज्या गेमची जाहीर स्तुती केली, त्याच्या कर्त्यांवर लवकरच संकट कोसळले. आणि ज्या ज्या गेमची जाहीर चिरफाड केली, तो भरभराटीला आला.

माझे नाव मुन्झिर. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवल्यानंतर अम्मानमधल्या एका प्रयोगशाळेत दुकानदारांचे तराजू तपासण्याचे काम मी करतो. एवढ्यासाठी डॉक्टरेट कशाला लागते, हा प्रश्न माझ्या सासरी अनेकदा विचारला गेला आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मजजवळ नाही. पोटापलीकडे माणसात जे काही असते, आणि ज्याचे वजन अद्याप कोणी केलेले नाही, त्याच्यासाठी मी एक पॉडकास्ट चालवतो. त्यात व्हिडिओ गेमच्या रचनेवर, समीक्षेवर आणि गेमविषयक पत्रकारितेच्या अधोगतीवर चर्चा होते. अधोगतीवर जरा जास्त होते.

हा कार्यक्रम पूर्वी आम्ही दोघे करत होतो. दुसरा वाएल. वाएल दंतवैद्य आहे. त्याला गेममधले माझ्याइतके कळत नाही, हे मी असूयेपोटी म्हणत नाही, मोजून म्हणतो. तथापि त्याचा आवाज असा आहे की त्याने दाढ काढण्याचे दरपत्रक वाचले तरी लोक डोळे मिटून ऐकतील. पुढे त्याने स्वतःचा वेगळा कार्यक्रम काढला. भांडण झाले नाही. त्याने येऊन माझ्या गालांचे मुके घेतले, 'तुझ्याशिवाय मला हे जमलंच नसतं' असे म्हटले, आणि मग ते माझ्याशिवाय इतके उत्तम जमवून दाखवले की ते वाक्य मला आजही अपमानासारखे आठवते. त्याच्याकडे दुबईहून पाहुणे येऊ लागले. माझ्याकडे वरच्या मजल्यावरून उम्म वजीह येऊ लागल्या, त्याही आवाज कमी करा असे सांगायला.

आमच्या दोघांच्या पद्धतीत एक मूलभूत फरक होता. वाएल कशालाही चांगले म्हणाला की त्याला लागूनच 'माशाअल्ला' म्हणत असे, म्हणजे स्तुतीबरोबर दृष्टीचा उताराही तिथल्या तिथे होऊन जाई. मी ते म्हणत नसे. ज्या गोष्टीला एकक नाही तिची मात्रा मी कोणाला देत नाही.

पहिला प्रसंग अझर बंधूंचा. या दोघा भावांनी एका भटारखान्यावर सुंदर गेम केला होता. पहाटेच्या गर्दीत खेळणाऱ्याने भाकऱ्या भाजायच्या, आणि रांगेतला कोण कोणाला पुढे जाऊ देतो यावरून मोहल्ल्यातली नाती कळत जायची. तो बाजारात आला तेव्हा मी त्याविषयी मौन पाळले. पुढे मात्र एका भागात मी त्याची मनापासून, उदाहरणे देऊन स्तुती केली. थोड्याच दिवसांत दोघा भावांनी एकमेकांचे तोंड न पाहण्याची शपथ घेतली आणि गाशा गुंडाळला.

नंतर टॅक्सीवाल्यांचा गेम. त्यातल्या गप्पिष्ट चालकांची मी वाखाणणी केली आणि त्याचा मुख्य रचनाकार सगळे अर्धवट टाकून आखातात निघून गेला. याउलट वाळवंटातल्या मोटारशर्यतीचा एक गेम होता, त्याबद्दल मी म्हटले की यातल्या गाडीपेक्षा उंटाच्या खोकल्यात अधिक पदार्थविज्ञान आहे. तो परदेशातल्या कंपनीने विकत घेतला. कर्त्याने मला कुनाफ्याचे, म्हणजे गरम चीजच्या मिठाईचे, मोठे ताट पाठवले आणि त्यावर चिठ्ठी होती: 'तुमचे उपकार विसरणार नाही.' मी ते ताट परत पाठवणार होतो. परंतु कुनाफा थंड झाला की त्याला अर्थ उरत नाही.

यानंतर लोक मला भेटून विचित्र विनंत्या करू लागले. एक जण म्हणाला, 'डॉक्टर, अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो, आमच्या गेमला जरा नावं ठेवा ना.' मी म्हटले, गेम पाहिल्याशिवाय ठेवणार नाही. तो म्हणाला, 'पाहिल्यावर तुम्हाला आवडला तर?' आणि खरोखर घाबरून निघून गेला.

उम्म वजीह यांनी या प्रकरणात स्वतः होऊन लक्ष घातले. त्या वैधव्यात असल्या तरी इमारतीतल्या कोणत्याही सधवेपेक्षा अधिक कार्यरत आहेत. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात तुरटी जाळली. तुरटी जळताना जो आकार घेते तो दृष्ट लावणाऱ्याचा चेहरा असतो, असे आमच्याकडे मानतात. तुरटी फुगली, वाकली, आणि तिला एक मोठे कपाळ आले. उम्म वजीह तिच्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे पाहत राहिल्या. मी त्यांना समजावले की तुरटीच्या स्फटिकातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते म्हणून ती फुगते.

त्या म्हणाल्या, 'पाणी बाहेर पडू दे रे बाबा. पण चष्मा कुठून आला?'

माझी पत्नी इन्आम पुढे आली. तिने ती तुरटी सुरीच्या टोकाने उलटी करून ठेवली, बस्स.

मग एका शुक्रवारी दुपारी जाहा आली.

मोठे काही मागायचे असले, मुलीचा हात असो की खुनाची माफी, आमच्याकडे माणूस एकटा येत नाही. चार प्रतिष्ठितांना पुढे घालून येतो. ही मंडळी म्हणजे जाहा. यजमान कॉफी देतो. म्होरक्या पेला उचलत नाही, समोर तसाच ठेवतो. मागणे मान्य झाल्याखेरीज ती कॉफी प्यायची नसते. यजमान म्हणतो, 'कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते दिले', आणि मग दिलेला शब्द आणि सोडलेला बाण सारखेच.

शहरातले बहुतेक गेमकर्ते आमच्या बैठकीच्या खोलीत ओळीने येऊन बसले. त्यांच्या पुढ्यात, उंची अबा, म्हणजे मानाचा झगा, पांघरून, म्होरक्या म्हणून वाएल होता. त्याला ती अबा शोभत होती. ही गोष्ट मी तेव्हाही नोंदवली आणि तेव्हाही ती मला आवडली नाही. त्याने पेला समोर ठेवला आणि घसा साफ केला.

आता माझी मनःस्थिती ध्यानात घ्यावी. गेमवाल्यांचे वार्षिक संमेलन जवळ आले होते. त्याचे अध्यक्षपद सलग वाएलकडेच जात होते. आज इतकी माणसे, एवढ्या इतमामाने, खुद्द वाएलला पुढे घालून माझ्या दारी आली आहेत, याचा अर्थ उघड होता: न्याय उशिरा का होईना पोचला होता. वाएलने 'मुन्झिर, भाऊ, आम्ही एका मागणीसाठी' इतके म्हटले असेल नसेल, मी, रकानचा बाप म्हणून अबू रकान, हात उंचावून म्हणालो, 'अबू रकानच्या घरात मागणं ऐकायची गरज नसते. कॉफी घ्या. ज्यासाठी आलात ते दिलं.'

सर्वांनी एकदम पेले उचलले. इतक्या घाईने प्यायलेली कॉफी मी पाहिलेली नाही. दोघांची जीभ भाजली. मग वाएलने तोंड पुसून, त्या अप्रतिम आवाजात, मागणे सांगितले. मी यापुढे त्यांच्यापैकी कोणाच्याही गेमची स्तुती करू नये.

मी इन्आमकडे पाहिले. ती दारात रिकामे तबक घेऊन उभी होती. पाहुणे गेल्यावर तिने मला फक्त एवढेच विचारले, 'ऐकून घ्यायला काय झालं होतं?'

शब्द तर गेला होता. परंतु वैज्ञानिकाचे दुःख आणि सामान्य माणसाचे दुःख यांत एक फरक असतो: वैज्ञानिक त्यावर प्रयोग करू पाहतो. मी ठरवले की एका चांगल्या गेमची चारचौघांसमोर भरघोस स्तुती करायची, त्याचे काहीही वाईट होणार नाही, आणि सगळ्यांचा भ्रम दूर होईल. साधाच प्रयोग. अडचण एवढीच होती की ज्याच्यावर प्रयोग करायचा असा, जाहात सामील न झालेला, एकही गेमकर्ता शहरात शिल्लक दिसेना.

एक होती. जुमान. तिला जाहाबद्दल कळले तेव्हा ती इतकी हसली की तिच्या हातातला मरमियाचा, त्या सुगंधी पाल्याचा, चहा सांडला, असे मला सांगण्यात आले. तिचा पहिलाच गेम येऊ घातला होता, आणि त्यात अम्मानमधल्या एका इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या होत्या. एवढेच. नळाला पाणी येण्याचा वार आला की खेळणाऱ्याने तोट्या फिरवून प्रत्येक बिऱ्हाडाची टाकी भरायची. माणसे दिसत नाहीत. पण टाकीतली पातळी कशी उतरते यावरून कळत जाते की कोणाकडे पाहुणे उतरले आहेत, कोणी सतरंज्या धुवायला काढल्या आहेत, कोणत्या घरात आता एकच माणूस राहते. मी तो एका बैठकीत खेळून संपवला. इतका चांगला गेम या शहरात कोणी केला नव्हता. मग मला बराच वेळ झोप आली नाही.

मी तिला फोन करून प्रयोगाची कल्पना दिली. ती म्हणाली, 'या ना डॉक्टर. चांगलं म्हणा, वाईट म्हणा, पण खेळून म्हणा. गेम बुडालाच तर माझ्या चुकांनी बुडेल, तुमच्या कपाळानं नाही.' तुरटीची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

प्रयोगाला साक्षीदार हवेत, म्हणून सभागृह हवे. पालिकेच्या सभागृहाचा कारकून म्हणाला, विषय गेम असेल तर तो खेळ झाला, क्रीडाविभागाचा शिक्का आणा. क्रीडाविभागात विचारले, कोणत्या चेंडूचा? मी म्हटले, चेंडू नाही. 'मग पळायचं असतं?' मी म्हटले, बसायचे असते. त्यांनी मला सहानुभूतीने सांस्कृतिक विभागात पाठवले. तिथे 'समीक्षा' हा शब्द ऐकून अधिकाऱ्याने उठून दार लावले आणि हलक्या आवाजात विचारले, 'कोणाची?' मी म्हटले, पाण्याच्या टाक्यांची. तो म्हणाला की मग पाणीखात्याला कळवलेले बरे. मी पाणीखात्यालाही कळवले.

शेवटी परवानगी घेऊन परतलो तेव्हा कारकुनाने आनंदाने सांगितले की काम सोपे झाले आहे. याच विषयाचा दुसरा अर्ज एका दंतवैद्याने आधीच केला होता, तेव्हा दोन्ही एकत्र करून टाकले. मी म्हटले, हे शक्य नाही. तो म्हणाला, 'एका मांडवात दोन नवरदेव चालत नाहीत साहेब, पण तुमचं कुठे लग्न आहे?' वाएललाही जुमानच हवी होती. अर्थातच.

त्या संध्याकाळी सभागृह भरले होते. जाहातली सगळी मंडळी आली होती आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या गळ्यात दृष्ट टाळणारे निळे मणी होते. पुढच्या रांगेत इन्आम आणि उम्म वजीह. मंचावर मधोमध जुमान, एका बाजूला वाएल, दुसऱ्या बाजूला मी. वाएल आधी बोलला. त्याने गेमची मनमोकळी स्तुती केली, माशाअल्ला म्हटले, टाळ्या मिळवल्या. जुमान हसली. त्याला ते इतके सहज कसे जमते, हे मी जवळून पाहत होतो.

मग माझी पाळी आली. वाक्य तयार होते: 'या गेममध्ये माणसे बोलत नाहीत, पाण्याची पातळी बोलते.' चांगले वाक्य होते, आजही आहे. मी ध्वनिक्षेपक पुढे ओढला, जुमानच्या आनंदी चेहऱ्याकडे पाहिले, आणि म्हणालो, 'तिसऱ्या टाकीची तोटी उलट्या दिशेने फिरते.'

मला स्वतःला आश्चर्य वाटले. मी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी असे बाहेर पडले की नळीचा व्यास पाहता पाणी इतक्या वेगाने येणे असंभव आहे. त्यानंतर झाकणांच्या सावल्या दुपारीही दक्षिणेला पडतात, हे निघाले. प्रत्येक वेळी स्तुती जिभेच्या टोकापर्यंत येई आणि तिथे तिचे काहीतरी होई. सभागृहात एक सुटकेचा निःश्वास पसरला. कोणीतरी मागून 'मुबारक हो जुमान' असे ओरडले.

जुमान शांतपणे म्हणाली, 'डॉक्टर, तुम्ही गेम खेळलात की नळजोडणीची तक्रार नोंदवायला आलात?'

'तोटी खरंच उलटी फिरते,' मी म्हणालो.

'फिरते. उद्या दुरुस्त करते. अजून?'

मी मध्यंतरापर्यंत बोललो.

मध्यंतरात मी एका खांबाआड उभा होतो. प्रयोग सुरू होण्यापूर्वीच संपल्यात जमा होता, आणि आता मला कोणी पुन्हा मंचावर बोलावणार नव्हते. इतक्यात उम्म वजीह आल्या आणि त्यांनी स्वतःचा गाल धरून सांगितले की वाएल दवाखाना हलवतो आहे. बायकोला समुद्रकाठच्या अकबा शहरात नोकरी लागली, कुटुंब तिकडे चालले, आणि तो पॉडकास्टचा कारभारही बंद. 'माझी दाढ अर्धी कोरून ठेवलीय मेल्यानं,' त्या म्हणाल्या, 'आणि म्हणतो उरलेली दुसऱ्याकडून भरून घ्या. दाढ आहे का भाड्याचं घर?'

मी मंचावर परतलो. मला एकदम हलके वाटत होते, त्याचे कारण मी त्या क्षणी तपासले नाही. कोणी न विचारताच मी ध्वनिक्षेपक घेतला आणि वाएलबद्दल बोलू लागलो. म्हणालो की या शहराला गेमविषयी ऐकायला त्याने शिकवले. तो प्रश्न विचारून गप्प बसतो, आणि गप्प बसणे ही समीक्षेतली सर्वांत अवघड कला मला कधी साधली नाही. त्याच्या आवाजाबद्दल तर मी जे बोललो ते ऐकून इन्आमने मान वर करून पाहिले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

सभागृहात निळे मणी मुठीत गेले होते. वाएलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

'मुन्झिर,' तो म्हणाला, 'मी तुझं काय वाकडं केलंय?'

'काही नाही. मी मनापासून बोलतोय.'

'तेच म्हणतोय मी.' मग त्याने हताशपणे हात पसरले आणि लोकांकडे वळून सांगितले की आता लपवण्यात अर्थ नाही. तो अकबाला चालला आहे आणि कार्यक्रम बंद होतो आहे.

'लागली,' मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, भीतीपेक्षा अधिक आदराने. इतक्या लवकर लागल्याचे उदाहरण कोणालाच आठवत नव्हते. लोक उठून उभे राहू लागले. धाकटा अझर दाराकडे निघाला.

जुमानने ध्वनिक्षेपक माझ्या हातातून काढून घेतला. 'वाएलभाऊ, जायचं ठरलं कधी?'

'झाले काही आठवडे.'

'आणि डॉक्टर, तुम्हाला कळलं कधी?'

मापाच्या बाबतीत मला खोटे बोलता येत नाही. तो माझ्या पोटाचा धंदा आहे. 'मध्यंतरात,' मी म्हणालो.

उभे राहिलेले लोक होते तिथेच थांबले. जुमान म्हणाली की तिचा गेम अर्धवट असताना ती अनोळखी माणसांना तो खेळायला देई आणि मागे बसून पाहत राही. त्यांतले पुष्कळ जण टाकीच्या झाकणावर टिचकी मारायचे, आणि लगेच पाणी यायचे. टिचकी मारली की पाणी येते, असे ते शपथेवर सांगायचे. तिने तर टिचकीला काहीच काम दिले नव्हते. 'मग कळलं,' ती म्हणाली. 'पाणी यायच्या आधी नळीत गुडगुड वाजते. ती ऐकली की त्यांचा हात आपोआप झाकणाकडे जातो. पाणी आधीच निघालेलं असतं. आपण ती गुडगुड ऐकली, हे मात्र त्यांच्या गावीही नसतं.'

मग तिने दाराशी पोचलेल्या धाकट्या अझरला विचारले की डॉक्टरांनी भटारखान्याची स्तुती केली तेव्हा भावाभावांत बोलणे होते का.

'कसलं बोलणं,' तो म्हणाला. 'तेव्हा आम्ही जेवणसुद्धा वेगळं केलं होतं. आमच्या सगळ्या वैब्दे मोहल्ल्याला ठाऊक होतं.'

मला ते आमच्या न्हाव्याकडून ठाऊक झाले होते. टॅक्सीच्या रचनाकाराच्या व्हिसाची बातमीही मला तिथेच, मानेला फडके गुंडाळलेल्या अवस्थेत, मिळाली होती. मोटारशर्यतीचा सौदा पक्का होत आल्याचे मी चिरफाड करण्याच्या आदल्याच दिवशी वाचले होते. मी हे सर्व मंचावरून सांगितले, कारण आता विदा अपुरी ठेवण्यात काही हशील नव्हते. लोक खाली बसले. कोणीतरी हसले, मग बरेच जण हसले, आणि निळे मणी गळ्यातून खिशात गेले. वाएल मात्र हसला नाही. तो उठला, माझ्याजवळ आला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याने विचारले की अकबाला जाण्याचे रद्द झाले तर मी त्याच्याविषयी बोललेले सगळे परत घेईन का.

मी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणालो, 'आवाजाबद्दलचं राहू देईन.'

मोटारीत इन्आमने आधी पट्टा लावला. मग म्हणाली, 'दृष्ट असती तर बरं होतं. तिला उतारा तरी असतो.' जाहातल्या मंडळींनी मला दिल्या शब्दातून मोकळे केल्याचा निरोप घरी पोचण्यापूर्वीच आला. आता मी कोणाचीही स्तुती करायला मोकळा होतो. जुमानचा गेम नंतर आला आणि फार गाजला. त्याच्यावर मी एक स्वतंत्र भाग केला. त्यात सावल्यांच्या दिशेविषयी आहे.

कारण पुढीलप्रमाणे. माझ्या स्तुतीने कोणाचेही कधी काही बिघडले नाही. ज्याचे चांगले चालले आहे त्याची स्तुती माझ्या तोंडून निघत नाही. त्याचे बिघडल्याचे कानावर आले की निघते. संकट आधी येत होते, स्तुती नंतर.